'एस' म्हणजे शक्तिमान

स्तर ४ : वाचनपाठ

वाचण्यापूर्वी

वर्गात किंवा घरी दोन-दोन मिनिटं बोला.

१. तुमच्याकडे असं एखादं खेळणं होतं का, जे दुकानातल्या 'खऱ्या' खेळण्यासारखं दिसायचं, पण खरं नव्हतं?
२. 'नकली' हा शब्द ऐकल्यावर तुम्हाला चांगलं वाटतं की वाईट? का?
३. जत्रा म्हणजे काय, हे आई-बाबांना किंवा आजी-आजोबांना विचारा. ते जत्रेतून काय आणायचे?

भाग १ : जत्रेतला शक्तिमान

मित्रांनो, ही गोष्ट १९९७ सालची आहे. मी तिसरीत होतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दूरदर्शनवर 'शक्तिमान' ही मालिका सुरू झाली होती. मुकेश खन्ना त्यात शक्तिमान व्हायचे. लाल पोशाख, छातीवर सोनेरी चक्र, आणि गिरकी घेत घेत उडायचं! आमच्या वाडीत टीव्ही मोजकेच. एकेका टीव्हीसमोर वीस-वीस पोरं बसायची आणि मालिका संपली की अंगणात गिरक्या घेऊन धडपडायची.

सातारा जिल्ह्यात पुसेगाव नावाचं गाव आहे. तिथे दर वर्षी डिसेंबरच्या सुमारास सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. महाराजांचा रथ निघतो आणि लोक त्या रथाला नोटांच्या माळा बांधतात. बैलांचा मोठा बाजार भरतो. माझे वडील, म्हणजे अण्णा, एसटीत कंडक्टर होते. त्यांना बैल बघायचे होते. मला मात्र एकच गोष्ट हवी होती : शक्तिमान.

एका ताडपत्रीवर पिपाण्या, शिट्ट्या, फुगे आणि प्लॅस्टिकचे बाहुले मांडले होते. त्यात एक वीतभर उंचीचा लालभडक बाहुला होता. पण पाठीवर उपरण्यासारखं काहीतरी चिकटवलेलं होतं. आणि छातीवर चक्र नव्हतं, नागासारखी एक वळणदार रेघ होती. त्या काळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. मला ए-बी-सी-डी येत नव्हती.

"हे काय?" मी विचारलं.

"एस हाय त्यो," विकणारा म्हणाला. "एस म्हंजी शक्तिमान!"

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा क्षणभर थांबले. मग त्यांनी मान हलवली. "व्हय. एस म्हंजी शक्तिमानच."

घासाघीस झाली. पंधराचा शक्तिमान बारा रुपयांना मिळाला. रात्री मी तो उशाशी घेऊन झोपलो.

मे महिन्यात पुण्याहून माझा आतेभाऊ आला. तो इंग्रजी शाळेत होता. त्याने बाहुला हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि खदाखदा हसला. "अरे, हा शक्तिमान नाही, सुपरमॅन आहे. आणि सुपरमॅनचा पोशाख निळा असतो. म्हणजे हा सुपरमॅनसुद्धा डुप्लिकेट आहे!"

सगळी पोरं हसली. मला रडू आलं, पण रडलो नाही. रात्री जेवताना मी अण्णांना रागाने म्हणालो, "तुम्हाला त्या माणसानं फसवलं." अण्णा काही बोलले नाहीत. भाकरीचा तुकडा मोडून खात राहिले. मी बाहुला माळ्यावर टाकून दिला आणि परत कधी काढला नाही. पुढे घराचे पत्रे बदलले, तेव्हा तो कुठे गेला, कोणालाच कळलं नाही.

भाग २ : गाडीच्या डिकीतला बाजार

आता मी इंग्लंडमध्ये राहतो आणि कॉम्प्युटरवर काम करतो. तुमच्यापैकी काहींनी इथला 'कार बूट सेल' पाहिला असेल. रविवारी सकाळी एखाद्या मैदानात लोक गाड्या लावतात, डिकी उघडतात आणि घरातल्या जुन्या वस्तू टेबलावर मांडून विकतात. आपल्याकडच्या आठवडी बाजाराचाच हा चुलतभाऊ.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो मुलीसाठी सायकल बघायला. सायकल मिळाली नाही. पण एका खोक्यात, तुटक्या गाड्यांच्या खाली, एक स्पायडरमॅन सापडला. त्याचा पोशाख हिरवा होता. एक डोळा कपाळावर सरकला होता. पन्नास पेन्सला मी तो विकत घेतला आणि गाडीत बसून एकटाच हसत राहिलो.

तेव्हापासून मी असे बाहुले जमवतो. आज माझ्याकडे चाळीसेक आहेत. बायको त्या फळीला 'चुकलेल्यांचं संमेलन' म्हणते. ऑफिसमधले मित्र विचारतात, "अरे, पैसे आहेत तर खरी खेळणी घे ना!" पण खरी खेळणी कारखान्यातून एकसारखी निघतात. दुकानात शंभर स्पायडरमॅन ठेवले, तर शंभरही जुळे भाऊ दिसतात. नकली खेळण्यात मात्र कोणाचा तरी हात दिसतो. कोणी घाईत डोळा रंगवला, कोणाकडचा लाल रंग संपला, कोणी बॅटमॅनच्या धडावर भलतंच डोकं बसवलं. तो माणूस मला दिसत नाही, पण त्याची चूक माझ्या फळीवर उभी असते.

भाग ३ : नक्कल कशी होते?

नकली बाहुला करायची एक साधी पद्धत आहे. एक खरा बाहुला विकत घ्यायचा. त्याच्यावरून साचा बनवायचा. मग त्या साच्यात वितळलेलं प्लॅस्टिक भरायचं.

पण इथे एक गंमत होते. प्लॅस्टिक थंड झालं की थोडं आकसतं. म्हणून अशा साच्यातून निघालेली नक्कल मूळ बाहुल्यापेक्षा किंचित लहान भरते. नकलेवरून पुन्हा नक्कल केली, तर ती आणखी लहान होते. बोटं, नाक, पोशाखावरच्या बारीक रेघाही दर वेळी थोड्या पुसट होतात. त्यामुळे जमवणारे लोक उंची मोजून आणि चेहरा पाहून ओळखतात की ही नक्कल आहे. साच्याच्या दोन भागांमधून बाहेर आलेलं प्लॅस्टिक कडेला पापुद्र्यासारखं राहतं, तीही एक खूण. अगदी स्वस्त बाहुले तर आतून पोकळच असतात. हातात घेतले की पिसासारखे हलके लागतात.

खरी मजा नावांमध्ये आहे. 'रोबोकॉप' हा चित्रपट १९८७ मध्ये आला. त्याच्या एका नकली खेळण्यावर नाव आहे 'रॉबर्ट कॉप'. जणू काही रॉबर्ट नावाचा शेजारचा हवालदार! सुपरमॅनचा 'स्पेशलमॅन' झाला. आणि 'जस्टिस लीग'ऐवजी एका खोक्यावर छापलं आहे 'सेन्स ऑफ राइट अलायन्स'. म्हणजे साधारण 'योग्य काय ते कळणाऱ्यांची आघाडी'.

ही नावं अशी का होतात? एक कारण कायद्याचं आहे. नाव थोडं बदललं तर आपण पकडले जाणार नाही, असं बनवणाऱ्याला वाटतं. दुसरं कारण भाषेचं असावं. इंग्रजीतून चिनीत आणि चिनीतून परत इंग्रजीत आणताना शब्द वाट चुकतो. दोन भाषांमध्ये राहणाऱ्या माणसाला हे चांगलंच माहीत असतं. आपल्या वर्गातही 'मी भूक आहे' असं वाक्य कितीतरी वेळा येतं. वाक्य चुकलेलं असतं, पण भूक खरी असते.

त्या 'आघाडी'च्या खोक्यात सुपरमॅन आणि बॅटमॅन यांच्या शेजारी स्पायडरमॅन उभा आहे, आणि त्याच्याबरोबर चक्क हिरवागार श्रेक! सुपरमॅन आणि बॅटमॅन डीसी कंपनीचे, स्पायडरमॅन मार्व्हलचा. या दोन कंपन्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी. त्यामुळे खऱ्या खेळण्यांच्या खोक्यात हे सगळे असे एकत्र बसत नाहीत. पण लहान मुलं जमिनीवर बसून खेळतात, तेव्हा कोणता बाहुला कोणत्या कंपनीचा हे थोडंच बघतात?

असे बाहुले अनेक देशांत झाले. १९८० च्या दशकात तुर्कस्तानमध्ये 'स्टार वॉर्स'च्या बाहुल्यांची नक्कल निघाली. तिचं नाव 'उझाय'. तुर्की भाषेत उझाय म्हणजे अंतराळ. तेव्हा ती स्वस्तातली खेळणी होती. आज जगभरचे लोक ती शोधत असतात, आणि त्यांतली काही मूळ बाहुल्यांपेक्षा कितीतरी महाग विकली जातात.

भाग ४ : शब्द आणि सावधगिरी

अशा खेळण्यांना इंग्रजीत 'बूटलेग' म्हणतात. या शब्दातला बूट म्हणजे पायातलाच बूट. पूर्वी अमेरिकेत काही लोक उंच बुटाच्या नळीत दारूची बाटली लपवून न्यायचे. त्यावरून चोरून विकलेल्या मालाला हे नाव पडलं.

मराठीत यासाठी बरेच शब्द आहेत : नकली, बनावट, डुप्लिकेट. हल्ली बाजारात 'फर्स्ट कॉपी' असंही म्हणतात. मुंबईजवळ उल्हासनगर नावाचं शहर आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेले लोक तिथे छावणीत राहिले. सगळं मागे सोडून आलेल्या या लोकांनी लहान-लहान कारखाने काढले आणि शहर उभं केलं. तिथल्या वस्तूंवर 'मेड इन यूएसए' लिहिलेलं असतं, असा एक जुना विनोद आहे. यूएसए म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन'!

विनोद बाजूला ठेवू. नक्कल करणं चांगलं आहे का? नाही. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅन निर्माण केला. १९३८ मध्ये त्यांनी त्याचे हक्क फक्त १३० डॉलरना विकले. पुढे कंपनीने त्यावर अमाप पैसा मिळवला. या दोघांना वार्षिक मानधन आणि निर्माते म्हणून नाव मिळायला १९७५ साल उजाडलं. कल्पना ज्याची, त्याला तिचं मोल मिळायलाच हवं. म्हणून मी नवी नकली खेळणी विकत घेत नाही. जुनी, कोणीतरी टाकून दिलेली तेवढीच घेतो.

तुम्हालाही हा छंद लागला, तर तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली : ही खेळणी लहान भावंडांना देऊ नका. स्वस्त रंगात शिसं असू शकतं, आणि प्लॅस्टिक मऊ करणारी रसायनंही घातक असू शकतात. अमेरिकेत मुलांच्या वस्तूंच्या रंगात दहा लाख भागांमागे ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. युरोपात 'सीई' चिन्ह असतं. पण नकली खेळण्यावर चिन्हही नकली असू शकतं!

दुसरी : नकली वस्तू खरी म्हणून कोणाला विकू नका. नक्कल बघून हसता येतं, पण फसवणुकीवर हसता येत नाही.

तिसरी : बाहुले उन्हात ठेवू नका. रंग उडतो, आणि मऊ प्लॅस्टिक काही वर्षांनी चिकट होतं.

भाग ५ : अण्णांचा फोन

मागच्या उन्हाळ्यात मला बूट सेलमध्ये एक लाल सुपरमॅन मिळाला. लाल पोशाख, लाल उपरणं, छातीवर 'एस'. तो माझा जुना बाहुला नव्हता, हे मला कळत होतं. तरी विकणाऱ्या आजींनी सांगितला तेवढा एक पौंड मी लगेच देऊन टाकला. घासाघीस करायचं सुचलंच नाही.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मी तो अण्णांना दाखवला. अण्णा आता निवृत्त झालेत. त्यांनी चष्मा वर केला, फोन जवळ घेतला आणि म्हणाले, "आरं, ह्यो तर शक्तिमान!"

मी हसलो. म्हटलं, "अण्णा, हा सुपरमॅन आहे. तुम्हाला त्या दिवशी फसवलं होतं, आठवतं का?"

"मला?" अण्णा म्हणाले. "आरं, तीस वर्सं 'एस'टीत काढली मी. मला एस कळत न्हवता व्हय?"

मी गप्प झालो.

"शक्तिमान न्हवताच त्या जत्रंत," अण्णा सांगू लागले. "समदी दुकानं फिरलो आपण. तू रडकुंडीला आलतास. ह्यो तांबडा दिसला. म्हटलं, पोराला चालंल. त्या माणसानं मला न्हाय फसवलं. आमी दोघांनी मिळून तुला फसवलं."

"मग मी ओरडलो तेव्हा बोलला का नाहीत?"

अण्णा थोडा वेळ थांबले. जत्रेत थांबले होते, तसेच. "काय बोलायचं? तुझा आतेभाऊ खरंच बोलत हुता की."

माझ्या फळीवर आता तो लाल बाहुला सगळ्यांच्या पुढे असतो. प्रत्येक बाहुल्याखाली मी नावाची चिठ्ठी लावली आहे. रॉबर्ट कॉपच्या नकलेखाली 'रॉबर्ट कॉप' लिहिलं आहे. लाल बाहुल्याखाली मी मराठीत लिहिलं आहे : 'शक्तिमान'.

शब्दार्थ

वाडी – लहान गाव
पिपाणी – तोंडाने वाजवायचं लहान खेळणं
ताडपत्री – पाणी आत न जाऊ देणारं जाड कापड
वीत – पसरलेल्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचं अंतर
उपरणं – खांद्यावर घ्यायचं लांब कापड
घासाघीस – किंमत कमी करण्यासाठी केलेली बोलाचाली
उशाशी – झोपताना डोक्याजवळ
आतेभाऊ – वडिलांच्या बहिणीचा मुलगा
माळा – छताखालची सामान ठेवायची जागा
साचा – ज्यात ओतून वस्तूला आकार देतात तो ठोकळा
आकसणं – आकाराने लहान होणं
पापुद्रा – अगदी पातळ थर
शिसं – एक जड, विषारी धातू
मानधन – कामाबद्दल आदराने दिलेले पैसे
रडकुंडीला येणं – अगदी रडायच्या बेतात असणं

भाषेकडे लक्ष द्या

१. '-लेला' लावून क्रियापदापासून विशेषण तयार होतं. ते पुढच्या नामाप्रमाणे बदलतं.

चुकणं : चुकलेला रंग, चुकलेली रेघ, चुकलेलं नाव, चुकलेले डोळे
रंगवणं : रंगवलेला बाहुला, रंगवलेली बाहुली, रंगवलेलं खेळणं, रंगवलेले बाहुले

पाठातून अशी आणखी तीन विशेषणं शोधा आणि प्रत्येक वापरून एक वाक्य लिहा.

२. अण्णा आणि जत्रेतला विकणारा सातारा भागातली बोली बोलतात. ही भाषा चुकीची नाही. ती त्या भागातली रोजची मराठी आहे. उदाहरण पाहा.

हाय – आहे
त्यो – तो
म्हंजी – म्हणजे

आता पुढचे शब्द प्रमाण मराठीत लिहा : व्हय, ह्यो, न्हवता, समदी, आमी, हुता.

स्वाध्याय

अ. एका वाक्यात उत्तरं लिहा.

१. लेखकाला जत्रेत काय हवं होतं?
२. बाहुल्याच्या छातीवरचं अक्षर लेखकाला का वाचता आलं नाही?
३. नकलेची नक्कल आणखी लहान का होते?
४. 'उझाय' या शब्दाचा अर्थ काय?

आ. तीन-चार वाक्यांत उत्तरं लिहा.

१. नकली खेळण्यांची नावं विचित्र होण्याची दोन कारणं कोणती?
२. लेखक नवी नकली खेळणी का घेत नाही? तुम्हाला त्याचं म्हणणं पटतं का?
३. अण्णा जत्रेत 'क्षणभर थांबले'. त्या क्षणी त्यांच्या मनात काय आलं असेल?

इ. वर्गात चर्चा करा.

अण्णा मुलाशी खोटं बोलले. त्यांनी बरोबर केलं की चूक? दोन गट करा आणि प्रत्येक गटाने दोन मुद्दे मांडा.

ई. उपक्रम

आई-बाबांना किंवा आजी-आजोबांना फोन करा. लहानपणी त्यांना हवं होतं एक आणि मिळालं दुसरं, असं कधी झालं का, ते मराठीत विचारा. त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. बोलीतले शब्द बदलू नका.